एकाच संघात तिघं तरबेज, चौघं लिंबूटिंबू: काय करायचं?

प्रश्न असा आहे: सात-आठ वर्षांची बारा मुलं-मुली, आठवड्यातून दोनदा एकेक तास फुटबॉलचा सराव आणि सुट्टीच्या दिवशी पाच-पाच जणांचे सामने. त्यातल्या तिघांच्या पायाला चेंडू चिकटलेला असतो, पाच जण बरे खेळतात आणि चौघांना समोरून हळू आलेला चेंडूही थांबवता येत नाही. तिघं पास देत नाहीत, चौघं कोपऱ्यात उभी राहतात. एका बाजूचे पालक म्हणतात आमच्या मुलाचा वेळ फुकट जातोय, दुसऱ्या बाजूचे म्हणतात आमच्या मुलीला चेंडूच मिळत नाही. प्रशिक्षक स्वतः त्यातल्याच एका मुलाचे वडील आहेत आणि विचारताहेत: सरळ दोन गट पाडू का, आणि पाडले तर त्यांना नावं काय द्यायची?

मी या वयाच्या मुलांना एकोणीस वर्षं फुटबॉल शिकवतेय. सगळी मुलं सारखी खेळतात असा संघ मला अजून एकदाही मिळालेला नाही, त्यामुळे तुमचं काही विशेष वाईट चाललंय असं समजू नका. उत्तर: गट पाडा, पण तासातल्या वीसेक मिनिटांपुरते, आणि दर वेळी वेगळे. वर्षभराचे दोन गट पाडलेत तर तिघं अजून पुढे जातील, चौघं फेब्रुवारीपर्यंत यायची बंद होतील, आणि मधल्या पाच जणांचं काय झालं हे तुमच्या लक्षातही येणार नाही.

गट पाडायच्या आधी एक काम करा. बाराही जणांच्या जन्मतारखा काढा आणि क्रमाने लावा. वयोगटाचं वर्ष ज्या महिन्यात सुरू होतं तिथपासून मोजा. माझा अंदाज, तिघांतले किमान दोघं यादीत वरती असतील आणि चौघांतली बरीचशी खाली. एकाच वयोगटात सर्वात मोठ्या आणि सर्वात धाकट्या मुलात अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं. तुम्हा-आम्हाला अकरा महिने म्हणजे काहीच नाही; सात वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो जवळजवळ आठवा हिस्सा असतो. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. ताकद, तोल, सांगितलेलं ऐकून लक्षात ठेवणं, सगळंच त्या अकरा महिन्यांत पुढे सरकलेलं असतं. १९८०च्या दशकात कॅनडातल्या आइस हॉकीत ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली गेली: वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी आणि शेवटच्या महिन्यांतले मोजकेच. पुढे फुटबॉलच्या अकादम्यांतही तेच दिसलं. निवडणाऱ्याला वाटतं आपण गुण निवडतोय, प्रत्यक्षात बऱ्याचदा तो वाढदिवस निवडत असतो.

हॅरी केनचं उदाहरण मी पालकांना हमखास देते. जन्म २८ जुलै १९९३. इंग्लंडमध्ये मुलांच्या फुटबॉलचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे तो आपल्या तुकडीतल्या धाकट्यांपैकी. आर्सेनल या लंडनच्या क्लबच्या अकादमीत तो एक हंगाम होता आणि आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला तिथून सोडून दिलं गेलं. तोच पुढे इंग्लंडसाठी सर्वात जास्त गोल करणारा खेळाडू झाला. तुमच्या चौघांत एक केन लपलाय असं मी म्हणत नाही, बहुतेक नसेलच. पण ज्यांचा पूर्णवेळ धंदाच मुलं पारखण्याचा आहे त्यांना आठव्या वर्षी जे जमलं नाही, ते आपल्याला दोन महिन्यांच्या सरावात जमेल असं मानायला नको.

वयाइतकाच दुसरा फरक चेंडूसोबत घालवलेल्या वेळाचा. ज्याला मोठा भाऊ आहे आणि जो रोज अर्धा तास घराबाहेर चेंडू बडवतो, त्याचे वर्षाला दीडशेहून जास्त तास होतात. तुमच्या सरावाला फक्त येणाऱ्या मुलीचे, चाळीस आठवडे धरले तरी, ऐंशीच. आणि त्या ऐंशी तासांत तिच्या पायाला चेंडू किती लागतो, हे बघणं पुढचं काम.

एका पालकाला कागद-पेन्सिल द्या. बारा नावं, आणि चेंडूला स्पर्श झाला की नावापुढे एक रेघ. नेहमीचा सामना पंधरा मिनिटं चालू द्या. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या संघातल्या सगळ्यात चपळ मुलाच्या रेघा ओळ संपवून समासात शिरल्या होत्या. आणि एका मुलापुढे होत्या तीन. त्यातली एक हाताने फेकलेल्या थ्रो-इनची. तो मुलगा त्या पंधरा मिनिटांत पळत होता बरं का, घामाघूम झाला होता, मी बाहेरून ‘शाब्बास’ही म्हटलं होतं. कागद हातात आल्यावर मला माझीच लाज वाटली. त्याला चेंडू थांबवता येत नव्हता हे खरं, पण तीन स्पर्शांत कोणाला काय येणार होतं? तेव्हापासून सराव कसा झाला हे मी रेघांवरूनच ठरवते.

रेघा वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे खेळ लहान करणं. एका चेंडूभोवती चौदा मुलं असतील तर तेरा जण बघे. तीन विरुद्ध तीन खेळवलं तर लपायला जागाच उरत नाही, आणि दोन विरुद्ध दोनमध्ये तर चेंडू तुमच्याकडे न येता जाणार कुठे? जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने २०२४-२५च्या हंगामापासून सगळ्यात लहान वयोगटांत हेच देशभर सक्तीचं केलं: दोन-दोन किंवा तीन-तीन जणांचे संघ, छोटी मैदानं, चार छोटे गोल. गोल झाला की दोन्ही संघांनी एकेक खेळाडू बदलायचा, म्हणजे कोण किती खेळणार हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहत नाही. कोणता संघ पहिला आणि कोणता शेवटचा याचा तक्ता नाही.

त्या चार गोलांचं महत्त्व लक्षात घ्या. प्रत्येक बाजूला दोन गोल, दोन्ही कोपऱ्यांकडे. मधे एकच गोल असला की सगळी झुंबड मधे होते आणि जो दांडगा त्याचाच चेंडू. दोन गोल असले की गर्दी फुटते, एक बाजू बंद झाली तर दुसरीकडे वळता येतं, आणि ज्याच्यात ताकद नाही पण जो मान वर करून बघतो अशा मुलाला पहिल्यांदाच काहीतरी मिळतं. सोबत एक नियम ठेवा: गोलापासून सहा मीटरच्या पट्ट्यात आल्यावरच गोल मारायचा. लांबून धाडकन मारलेले गोल बंद होतात, आणि नुसती ताकद असलेल्या मुलालाही फुटबॉल खेळावा लागतो. मैदान वीस-पंचवीस मीटर लांब, पंधरा-वीस मीटर रुंद पुरे. गोल नसतील तर दोन कोन (प्लास्टिकचे शंकू) ठेवा.

आता गट पाडण्याबद्दल. मी जे करते त्याला मुलं ‘जिना’ म्हणतात. बारा मुलं, तीन छोटी मैदानं शेजारी-शेजारी, प्रत्येकावर दोन विरुद्ध दोन. पहिल्या जोड्या चिठ्ठ्या टाकून. चार मिनिटांचा डाव. शिट्टी वाजली की जिंकलेले दोघं एक मैदान वर, हरलेले दोघं एक मैदान खाली. सगळ्यात वरच्या मैदानावर जिंकलेले तिथेच राहतात, सगळ्यात खालच्यावर हरलेले तिथेच. बरोबरी झाली तर शेवटचा गोल ज्यांचा ते वर. नवीन मैदानावर पोचलं की जोडी फोडायची: सोबत आलेले दोघं आता समोरासमोर, जोडीदार दुसरीकडून आलेला. चार-पाच डावांत मुलं आपोआप आपल्या तोडीच्या मुलांसमोर येतात. तुम्ही कोणालाही कमी लेखलं नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. आणि जोडीदार बदलत राहिल्यामुळे दर आठवड्याला एखाद-दुसरा भलताच वर पोचतो आणि स्वतःच चकित होतो. खालच्या मैदानावर उभं राहून बघा. तिथली चढाओढ वरच्यापेक्षा जास्त असते, कारण तिथे कोणालाच आधीपासून माहीत नसतं की कोण जिंकणार.

हा प्रकार मी तासातली वीस मिनिटं करते. बाकीचा वेळ सगळे मिसळून. रोज जिना केला तर तोही गटवारीच होते.

मिसळून खेळवताना अवघड असतं ते एकच काम सगळ्यांना पुरेसं कठीण ठेवणं. इथे बहुतेक नवे प्रशिक्षक एक नियम काढतात, मीही काढला होता: ‘सगळ्यांच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय गोल नाही.’ ऐकायला फार न्याय्य वाटतो. करून बघा. तिघं चेंडू पुढे घेऊन जातात, मग थांबतात, वैतागून मागे वळतात आणि त्या चौघांतल्या एकीच्या पायावर चेंडू आपटून परत घेतात. ती मुलगी आता टोलनाका झाली. तिला खेळ मिळाला नाही, आणि तिच्यामुळे आपण अडतोय एवढं मात्र बाकीच्यांना कळलं. दुसरा तसलाच नियम म्हणजे तरबेज मुलांना ‘फक्त दोन टच’, म्हणजे चेंडूला दोनदाच पाय लावून तो पुढे द्यायचा. सात वर्षांच्या मुलाने नेमकं जे शिकायला हवं, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून एखाद्याला हुलकावणी देणं, तेच आपण त्याच्याकडून काढून घेतो. हे दोन्ही नियम मी कधीच सोडून दिले.

त्याऐवजी काम असं मांडा की पातळी मूल स्वतः निवडेल. मैदानभर कोनांची दारं लावा. काही दारं तीन पावलं रुंद, काही जेमतेम एक पाऊल. रुंद दारातून चेंडू काढला तर एक गुण, अरुंद दारातून तीन. दोन मिनिटांत किती गुण झाले ते ज्याचे त्याने मोजायचे. पहिल्या फेरीत सगळे तीन गुणांच्या मागे धावतात, दुसऱ्या फेरीत हिशेब सुरू होतो. माझ्याकडे एक मुलगी होती, अतिशय सावध. ती चार आठवडे फक्त रुंद दारांतून फिरली. मी काही बोलले नाही. पाचव्या आठवड्यात ती एका अरुंद दारासमोर थांबली, मागे वळून कोणी बघतंय का ते पाहिलं, आणि चेंडू पायाच्या बाहेरच्या बाजूने हलकेच ढकलला. कोनाला घासून गेला, पण गेला. मग ती पुन्हा रुंद दारांकडे वळली. तेवढं पुरे होतं.

तरबेज मुलांसाठीची अट मी कानात सांगते, सगळ्यांसमोर कधीच नाही. ‘आज तुझा गोल डाव्या पायानेच.’ ‘तुझ्या जोडीदाराने गोल केला तर तुला दोन गुण.’ ‘चेंडू मिळाला की आधी मागे वळायचं, मग रिकामी बाजू शोधायची.’ गुपित असल्याने त्यांना त्यात थरार वाटतो, आणि बाकीच्यांना कळतही नाही की हा आज अर्ध्या ताकदीने खेळतोय. सगळ्यांसमोर सांगितलंत तर तोच निरोप ‘बाकीचे कच्चे आहेत म्हणून तुला बेड्या’ असा पोचतो.

पास न देण्याबद्दल एक सांगते. सात वर्षांच्या मुलाने पास न देणं हा स्वार्थ नसतो, निदान आपण समजतो तसा नाही. मी एकदा एकाला बाजूला घेऊन विचारलं, तो समोर मोकळा उभा होता, दिला का नाहीस? तो म्हणाला, ‘दिला तर परत येत नाही ना, ताई.’ त्याचं बरोबर होतं. त्याच्या हिशेबाने पास म्हणजे चेंडू घालवणं. ‘पास कर, पास कर’ असं ओरडून हा हिशेब बदलत नाही. समोरच्याला चेंडू थांबवता यायला लागला की बदलतो. त्यामुळे तुमची पासची तक्रार खरं तर चौघांच्या पहिल्या टचची, म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेण्याची आहे, आणि मेहनत तिथे घ्यायला हवी.

त्या चौघांकडे आता नीट बघा. ‘कच्ची आहेत’ हे निदान नव्हे. माझ्या अनुभवात बहुतेकांची अडचण तीनपैकी एक असते: चेंडूची भीती, पहिला टच, किंवा कुठे उभं राहायचं ते न कळणं. भीती लगेच ओळखू येते. चेंडू आला की मूल खांदा वळवतं, डोळे मिटतं, पाय उचलतं आणि चेंडू खालून निघून जातो. आधी चेंडू तपासा. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि चारशे ग्रॅमहून जड असतो. या मुलांना तीन नंबरचाच द्यायचा, ५८-६० सेंटिमीटरचा, आणि घाबरणाऱ्याला त्यातही थोडी हवा कमी केलेला. मग पाच पावलांवरून हाताने घरंगळत सोडा आणि पायाच्या तळव्याखाली थांबवायला सांगा. फक्त थांबवायचा, परत मारायचा नाही. रोज दहा चेंडू, तेही सराव सुरू व्हायच्या आधी, बाकीचे बूट बांधत असताना, म्हणजे शिक्षा किंवा शिकवणी वाटत नाही. आठवडाभराने आतल्या बाजूने थांबवायचा. मग चालत येऊन. दोन-तीन आठवड्यांत डोळे मिटणं थांबतं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

ज्याला कुठे उभं राहायचं कळत नाही त्याला ‘पसरा, पसरा’ म्हणून काही समजत नाही. त्याला मी प्रश्न विचारते: तुझ्यात आणि चेंडूत कोणी उभं आहे का? असेल तर दोन पावलं सरक. एवढंच. आणि अधूनमधून त्याच्या बाजूला एक खेळाडू जास्त देते. तीन विरुद्ध दोन असं पाच मिनिटं खेळल्यावर मोकळं असणं म्हणजे काय ते पायांना समजतं.

सरावाची सुरुवात नेहमी प्रत्येकाला एक चेंडू देऊन. पकडापकडीचे सगळे खेळ चेंडूसकट खेळता येतात: ज्याच्यावर राज्य तो चेंडूशिवाय, बाकीचे आपापला चेंडू सांभाळत पळतात. फक्त बाद करून बाहेर बसवू नका. बाद आधी कोण होतं? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच. मग तो पाच मिनिटं बाहेर बसून तरबेजांचा खेळ बघतो. त्याऐवजी चेंडू गेला तर बाजूला चेंडूवर दहा वेळा आलटून-पालटून पाय टेकवायचे आणि परत आत यायचं. रांगा लावणंही असंच. एका गोलासमोर बारा जणांची रांग, प्रत्येकाचा एक शॉट, मग रांगेच्या शेवटी. रांगेत मस्ती कोण करतं, तर तरबेज मुलं, कंटाळून. आणि शॉट चुकला की सगळे बघताहेत याचं ओझं कोणावर, तर त्या चौघांवर. दोन्ही टोकांना एकदम मारणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

मधल्या पाच जणांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, आणि मला जास्त काळजी त्यांची वाटते. ती कुरकुर करत नाहीत, त्यांचे पालक भेटायला येत नाहीत, त्यांना येतंही बऱ्यापैकी. म्हणून ती दिसतच नाहीत. एकदा हंगामाच्या शेवटी मी प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहायला बसले. तरबेजांबद्दल पान भरलं, धडपडणाऱ्यांबद्दलही बरंच सुचलं, आणि एका मधल्या मुलीच्या नावापुढे मला ‘नियमित येते’ याखेरीज काही लिहिता येईना. नियमित येते! शाळेच्या हजेरीपटावरची नोंद ती. त्यानंतर मी प्रत्येक सरावात दोन मुलं आधीच ठरवून जाते, फक्त त्या दोघांकडे बघायचं. बारा जण सहा सरावांत म्हणजे तीन आठवड्यांत पूर्ण होतात. काय दिसलं ते त्याच रात्री एका ओळीत लिहून ठेवते. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी झेप घेतली ती बहुतेक वेळा याच मधल्यांपैकी कोणीतरी.

सामन्यांचं सोपं आहे, फक्त पाळणं कठीण आहे. सगळ्यांना सारखी मिनिटं. कोण किती खेळलं ते वहीत लिहा, मनात ठेवू नका. अटीतटीच्या सामन्यात मन खोटं बोलतं. जागा फिरत्या ठेवा आणि गोलकीपरही फिरता ठेवा. ‘त्याला पळता येत नाही, त्याला गोलीला उभा कर’ हे मी सर्रास बघते. ज्याला चेंडूची भीती वाटते नेमका त्यालाच सगळ्यांच्या शॉटसमोर उभं करायचं आणि गोल झाला की सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. मोठ्या माणसालाही हे झेपणार नाही. बदली करताना चौघांना एकदम आत पाठवू नका आणि तिघांनाही एकदम नको. एक तरबेज, दोन मधले, दोन धडपडणारे असं मिश्रण ठेवलं की सामना सामन्यासारखा राहतो. आणि समोरचा संघ फारच दुबळा किंवा भारी निघाला तर त्यांच्या प्रशिक्षकाशी मध्यंतराची वाट न बघता बोला. नॉर्वेत मुलांच्या फुटबॉलमध्ये चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जास्तीचा खेळाडू उतरवता येतो. तुमच्या स्पर्धेत असा नियम नसला तरी दोन समजूतदार प्रशिक्षक नजरानजर करून तेवढं ठरवू शकतात. मला आजवर यात ‘नाही’ म्हणणारे दोघंच भेटले.

आता पालक. त्यांना हंगामाच्या आधी एकदा एकत्र बोलवा आणि दहा मिनिटांत सांगा: सगळे सारखे खेळतील, जागा फिरतील, गट बदलत राहतील, आणि सामना चालू असताना बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. आधी सांगितलं की ते धोरण असतं. तक्रार आल्यावर सांगितलं की सबब वाटते. तरबेज मुलाचे वडील तरीही येतील. त्यांना समता-बिमता सांगू नका, त्यांच्या मुलाबद्दल बोला: उजव्या पायाने तो कोणालाही चकवतो, डाव्याने अजून नाही, या महिन्यात आम्ही त्यावर काम करतोय, घरी विचारा त्याला. त्यांना आपल्या मुलाकडे कोणाचं लक्ष आहे की नाही एवढंच जाणून घ्यायचं असतं. दुसऱ्या बाजूच्या आईला रेघांचा कागद दाखवा. पहिल्या आठवड्यात सहा, आज एकतीस. कागदापुढे वाद घालणं अवघड जातं.

तुमचा स्वतःचा मुलगा या संघात आहे, तो कोणत्या टोकाला आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. कुठेही असला तरी त्याच्या बदल्या आणि जागा दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्या. प्रशिक्षक-पालक एकतर आपल्या मुलाला डोक्यावर बसवतात नाहीतर न्यायाच्या नादात त्याच्यावर अन्याय करतात, आणि घरी परतताना दोन्हीचा हिशेब होतो.

खरोखर वेगळं काही करावं लागेल अशा दोनच परिस्थिती माझ्यासमोर येतात. एक, एखादं मूल इतकं पुढे असतं की कानात सांगितलेल्या अटींनीही भागत नाही. त्याला आठवड्यातला एक सराव वरच्या वयोगटासोबत करू द्या, दुसरा आणि सामने आपल्याच संघात. महिन्याभराने त्यालाच विचारा. कित्येकांना वरचं फुटबॉल आवडतं पण मित्र नसतात, आणि आठव्या वर्षी मित्रांचं पारडं जड असतं. दुसरी, एखादं मूल सरावाच्या दिवशी सकाळपासून रडतं, पोटात दुखतं म्हणतं. तिथे कौशल्याचं सोडा आणि आधी शोधा की कोणी चिडवतंय का. तेही नसेल, आणि फुटबॉलच काय पण पळणं, एका पायावर उड्या मारणं, झेल घेणं यातलं काहीच वयाच्या मानाने जमत नसेल, तर पालकांशी एकांतात, हळुवारपणे बोला आणि डॉक्टरांना दाखवायला सुचवा. चष्म्याचा नंबर असल्याचं असं दोनदा माझ्या संघातल्या मुलांच्या बाबतीत निघालं. मी महिनोन् महिने पहिला टच शिकवत बसले होते आणि त्यांना चेंडू धूसर दिसत होता.

गटांना नावं काय द्यावीत म्हणून विचारलंत. ‘अ’ आणि ‘ब’ नको, वाघ-सिंह आणि ससेही नको. रंगांची दिली तरी दोन आठवड्यांत मुलांना कळतं की पिवळ्या बिबवाले (संघ ओळखायला वरून घालायचं रंगीत बंडीवाले) कोण. नावं न देता बिब रोज पिशवीत हात घालून काढायला लावा.

आणि अकराच जण आले तर? तेव्हा तिघांपैकी एकाला ‘दोन्हीकडचा’ करा: ज्यांच्याकडे चेंडू ते त्याचे. त्याला गोल मारता येणार नाही, फक्त चेंडू घ्यायचा आणि द्यायचा. पाच-पाच मिनिटांनी माणूस बदला. आमच्याकडे या जागेसाठी भांडणं होतात, कारण त्या पाच मिनिटांत हरता येत नाही.